उजव्या बाजूचं व्हायोलिन

११ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर शिल्लक राहिला तर.

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांनी भावाचं अक्षर बघायला मिळतं आणि त्यात शब्द किती, तर पाच. "ताई, तू ऐकलंस तरी का?" वर तारीख नाही, खाली सही नाही. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, विचारतोय तर सांग की. म्हणून सांगते.

तुझी सीडी मी चार वेळा ऐकली. बावीस वर्षं या वर्तमानपत्रात संगीतावर लिहिते आहे आणि बावीस वर्षं माझी पद्धत एकच आहे. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन घेत नाही. दुसऱ्यांदा पेन घेते. तिसऱ्यांदा समोर घड्याळ ठेवते आणि कुठल्या मिनिटाला काय झालं ते मांडते. मग लिहिते, आणि लिहून झाल्यावर चौथ्यांदा ऐकते, एकेक वाक्य पुढ्यात धरून, की बाई, हे खरंच ऐकू आलं का, की वाक्य छान जमलं म्हणून ठेवलंस. जेवण झाल्यावर आई आडवी होते ती वेळ माझी. पलीकडच्या शिवणकामवाल्या बाईंना आवाज सोसत नाही, भिंतीवर कात्री आपटतात, म्हणून नेहमी हेडफोन लावून ऐकते. म्हणजे बाहेरचा काही अडथळा आला असंही म्हणायची सोय नाही.

आणि सीडी मला पाठवली कुणी? तूच. सोबत चिठ्ठी कुणाची? तुझीच. "परक्यावर लिहितेस तसं लिही, नाहीतर लोक म्हणतील बहिणीने वशिला लावला." घरच्यांवर लिहायचं नाही हा नियम मी तुझ्यासाठी मोडला. परक्यावर लिहिते तसंच लिहिलं. आता परकं वाटलं म्हणून रुसतोस?

डिसेंबरच्या परीक्षणात मी लिहिलं ते पुन्हा इथे उतरवते, कारण तू रागाच्या भरात अर्धंच वाचलं असशील. "गायिकेच्या सोबतीला व्हायोलिन आहे असं वेष्टनावर छापलं आहे. ऐकताना ते फारसं जाणवत नाही. साथीदार तासभर शेजारच्या खोलीत वाजवत असावा आणि मधलं दार उघडायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं." मला हे वाक्य लिहायला आवडलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू, लिहिताना आवडलं. छापून आल्यावर आवडलं नाही.

पण खरं आहे ते. माझ्या वह्यांत पेन घेतल्यापासूनच्या तिन्ही वेळच्या नोंदी आहेत. दुसरं गाणं, तिसरं मिनिट: व्हायोलिन कुठे? चौथं गाणं, सुरुवात: व्हायोलिन पुसट. सहावं: घाई झाल्यासारखी, पण कुणाची ते कळत नाही. हवं तर वही पाठवते.

तुझ्या सीडीबरोबर कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने तीन पानं पाठवली होती. स्वरांची बरसात, मंत्रमुग्ध करणारा अनुभव, रसिकांनी संग्रही ठेवावी अशी पर्वणी. मी ते कागद वाचतच नाही, आईच्या चष्म्याच्या काचा पुसायला ठेवते. दुसऱ्या दैनिकातल्या महाशयांनी मात्र ती तीन पानं जशीच्या तशी आपल्या नावावर छापली, शेवटच्या "अधिक माहितीसाठी संपर्क" या ओळीसकट. त्यांना तू कार्ड टाकलंस का, की ऐकलंत तरी का? नाही टाकलंस. त्यांनी तुला "जादुई बोटांचा धनी" म्हटलं होतं ना.

ज्या परीक्षणात गाणाऱ्याचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी चालतं, ते परीक्षण नव्हे, लग्नाला जाताना भाड्याने आणलेला कोट तो. हे मी तुला शिकवलंय. तू हसायचास तेव्हा.

आशीर्वाद उरलेला नाही. पुढच्या पत्रात बघू.

ताई

२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. आईला दर रविवारी फोन करतोस, ती तो घेऊन गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. माझ्याच घरात माझ्यापासून दार ओढून घेतात. काल मीच तिला आत बसवून विचारलं, तेव्हा कळलं की गायिकेने तुला पुढच्या दौऱ्यातून काढलं. अकरा कार्यक्रम. तिचं म्हणणं काय, तर "सख्ख्या बहिणीलासुद्धा साथ जाणवली नाही, मग लोकांना काय जाणवणार?"

मला इतका संताप आला की मी उभ्याउभ्या तिला पत्र लिहिलं आणि मग फाडलं. तुला काढायला बाईला माझं परीक्षण लागतं? आठ महिने तू तिच्याबरोबर तालमी केल्यास, तेव्हा तिला स्वतःचे कान नव्हते? उघड आहे, कंपनीला तुझ्या जागी कुणीतरी नाव असलेला बसवायचा असणार. हवं होतं निमित्त, ते मी ताटात वाढून दिलं. पण निमित्त सापडेल या भीतीने लिहायला लागले तर उद्या मी काय लिहू? कार्यक्रम झाला, खुर्च्या मऊ होत्या, एवढंच?

आई माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुझं लिहिणं वाचलं की सासू आठवते. चूक काही नसायची तिच्या बोलण्यात, पण जेवण जायचं नाही." वर म्हणते, कान दाखवून घे एकदा. मी म्हटलं, इथे कानाचा काय संबंध, भावाची नोकरी गेली त्याचं बोलतोय आपण. तर म्हणे, उजवीकडून हाक मारली की तू ओ देत नाहीस. म्हातारीला काहीतरी लागतंच बोलायला. मी कामात असते, ओ देत नाही, एवढं साधं आहे.

तुझं काम गेलं याचं मला वाईट वाटतं. हे एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढे वाद घालायला मी मोकळी. पण माफी मागणार नाही. जे ऐकलं ते लिहिलं, आणि तू माझा भाऊ आहेस म्हणून एक शब्द कमी केला नाही की वाढवला नाही. तुला यात माझा दगा दिसतो. मला वाटलं होतं, निदान तुला तरी यात मान दिसेल.

ताई

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

पकडलं. चोर पकडला आणि तोही मुद्देमालासकट.

नीट वाच. माझ्या जुन्या हेडफोनची एक बाजू परवा निखळली. ऑफिसमधून नवा आणला. आज दुपारी वही काढून बसले होते, तेवढ्यात आईने कपाटातून तुझी सीडी काढून दिली. माझी नाही, तिची. तिने दुकानातून स्वतः विकत आणली होती, लेकाचा फोटो आहे म्हणून. म्हणाली, ही लावून बघ, तुझी खराब असेल. तिच्या समाधानासाठी लावली.

धाकट्या, त्यात तू आहेस. पहिल्या सुरापासून आहेस. इतका जवळ की गज फिरवताना तू श्वास घेतोस तो ऐकू येतो. गायिका मात्र लांब, कुठेतरी मागे. म्हणजे काय झालंय ते तुझ्या लक्षात आलं का? या लोकांनी परीक्षणासाठी मला एक सीडी पाठवली आणि बाजारात दुसरीच विकली. किंवा माझं परीक्षण वाचून घाबरले आणि नंतर व्हायोलिन वर काढून नवी छापली. काहीही असो, लबाडी आहे. आणि त्या लबाडीत तुझं काम गेलं आणि मी खोटी पडले.

मी दुपारभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. आई म्हणाली, बस, फरशी झिजेल. तिला वाटलं मला आनंद झालाय. आनंदच झालाय. किती दिवस मी स्वतःशीच भांडत होते ते तुला माहीत नाही, आणि दोष शेवटी त्यांचा निघाला.

उद्या दोन्ही सीड्या घेऊन कंपनीत जाते. तिथल्या प्रसिद्धीवाल्याला आम्ही सगळे मधाळ म्हणतो, तोंडात साखर आणि हातात तीन पानं. त्याच्या टेबलावर दोन्ही आपटणार आहे. मग सगळा प्रकार नाव-गावासकट छापणार. गायिकेला तुझ्या दारात येऊन बोलवायला लावते की नाही बघ.

आज आशीर्वाद. भरपूर.

ताई

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र तीनदा सुरू केलं. चौथ्यांदा जे होईल ते पाठवते.

मी गेले कंपनीत. मधाळने चहा मागवला, मी नको म्हटलं. दोन्ही सीड्या टेबलावर ठेवल्या आणि जे बोलायचं ते बोलले. आवाज चढला होता माझा. काचेपलीकडची माणसं मान वर करून बघायला लागली. फसवणूक, वाचकांचा विश्वासघात, सगळे शब्द वापरले, जे मी लेखनात स्वतःला कधी वापरू देत नाही. मधाळ हात जोडून म्हणाला, ध्वनिमुद्रक आहेत इथेच, त्यांनाच विचारू.

ध्वनिमुद्रक म्हणजे तुला ठाऊक असलेलेच ते गृहस्थ, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी आपल्या खोलीत नेऊन दोन्ही सीड्या भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरवर लावल्या. दोन्हींत गायिका होती, दोन्हींत तू होतास. मी म्हटलं, तुम्ही काहीतरी बटणं फिरवलीत. त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि माझी, परीक्षणाची सीडी लावली. तू पुन्हा शेजारच्या खोलीत. मी अक्षरशः ओरडले, "बघा, आता बोला."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला, उलटा केला आणि परत घातला. डावं उजव्याला, उजवं डाव्याला. सीडी तीच. तू आलास, आणि गायिका गेली.

"मॅडम, मी गाणाऱ्या बाईंना डाव्या अंगाला उभं केलं होतं आणि तुमच्या भावाला उजव्या," ते म्हणाले. "हेडफोनवर दोन्ही कान लागतात."

माझ्या जुन्या हेडफोनची वायर डावीकडून निघायची. नव्याची उजवीकडून निघते. मी सवयीने वायर डावीकडे घेतली, म्हणजे तो उलटा घातला. सीडी दुसरी नव्हती. एवढाच तो मुद्देमाल.

आता जे लिहिते ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तापाने पडले होते, आठवतं? त्यानंतर उजव्या कानात शिट्टी वाजायची, आणि ती थांबली तेव्हा बाकीचंही थांबलं. मी कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. बंद पेटीत बसवून त्यांनी तपासलं, आलेख काढला, उजवीकडची रेघ खाली उताराला लागलेली. म्हणाले, डावा उत्तम आहे, उजव्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो कागद मी जुन्या बिलांच्या खाली घातला आणि फोन डाव्या कानाला लावायची सवय केली. सभागृहात उजव्या टोकाची खुर्ची मागायला लागले, सगळ्यांना वाटायचं बाईंना दाराजवळ बसायला आवडतं. स्वतःला सांगितलं, ऐकायला एक कान पुरतो, समजायला डोकं लागतं. फार आवडलं होतं मला ते वाक्य.

आणि दोन वर्षं मी दर आठवड्याला लोकांना सांगत होते की अमक्याने खोटं लिहिलं, तमक्याने न ऐकता लिहिलं. राग येतो रे. आधी तुझ्यावर होता, मग गायिकेवर, मग कंपनीवर, आता बोट फिरत फिरत घरीच आलं. त्या तीन पानांच्या मजकुराने कुणाचं नुकसान केलं नाही. त्याला कुणी खरं मानतच नाही. माझ्या वाक्याने तुझे अकरा कार्यक्रम गेले, कारण माझं लोक खरं मानतात.

घरी आले तर आई जेवायला थांबली होती. ताटं मांडलेली. तेव्हा पाहिलं की ती माझ्या डावीकडे बसते. आधी समोर बसायची. मी विचारलं, कधीपासून इथे बसतेस? म्हणाली, झाली दोन वर्षं, इथून बोललं की तू उत्तर देतेस.

माफ कर. हे लिहिणार नाही असं २ तारखेच्या पत्रात म्हटलं होतं.

ताई

१ मार्च

धाकट्या,

काल तू फोनवर बोललास ते बरं झालं आणि जे बोललास ते बरं झालं नाही. फोन ठेवल्यावर मला जे सुचलं ते लिहिते. माझं नेहमीच असं, भांडण संपल्यावर मुद्दे सुचतात.

आधी इकडचं ऐक. मी दुरुस्ती लिहून संपादकांकडे नेली. परीक्षण मागे घेत आहे, कारण परीक्षण करणारीला उजव्या कानाने ऐकू येत नाही, दहा ओळी. त्यांनी वाचली, दार लावलं आणि विचारलं, "दोन वर्षांत तुमची किती परीक्षणं छापली आपण?" मी म्हटलं, ब्याण्णव, त्यातली सीडीवरची एकतीस. म्हणाले, "उद्या ब्याण्णव जण दारात उभे राहतील. हे छापायचं नाही." मी म्हटलं, एकतीसच उभे राहतील आणि त्यांचा हक्क आहे. ते हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढले. तुझी मुलाखत. पूर्ण पान, फोटोसकट, मी घेतलेली. फक्त मी घेतलेली नाही, मधाळने लिहून पाठवलेली, प्रश्न त्याचे आणि उत्तरंही त्याचीच. त्या दिवशी कंपनीच्या दारापर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला होता, "हे आपल्यातच राहील, मॅडम." मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी शेंडी त्याच्या हातात सापडली आहे, आता तो ती सोडेल कशाला?

मुलाखत वाचलीस तू, पाठवलीय म्हणे त्याने. त्यात तू म्हणतोस की लहानपणी ताईच्या मांडीवर बसून तू पहिले सूर ऐकलेस. मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. तू माझ्या मांडीवर बसला असतास तर माझं काय झालं असतं याचा विचार त्या माणसाने केला नाही. शेवटी मी म्हणते, "ऐकताना डोळे कधी पाणावले ते कळलंच नाही." धाकट्या, तुला माहीत आहे मी कशाने रडते आणि कशाने नाही.

आणि यावर तू फोनवर काय म्हणालास? "ताई, एकदा गोड लिही ना. कुणाचं काय जातं?"

मी म्हटलं, माझं जातं.

"तुझं काय जाणार? तुझ्याकडे सदर आहे. माझ्याकडे आता तीन शिकवण्या आहेत. तुझ्या लिहिण्याने गेलं, तुझ्या लिहिण्याने परत आण. खरं आणि खोटं नंतर बघ."

हे अर्धं बरोबर आहे. माझ्या लिहिण्याने गेलं. पण परत आणायचं ते कशाने? त्या मुलाखतीने तुला काम मिळेल, मला ठाऊक आहे. गायिका वाचेल, म्हणेल, बघा, बहिणीचं मत बदललं. आणि बाकीचे काय म्हणतील? म्हणतील, आधी चिडून लिहिलं, मग आईने समजूत घातली. तुझं व्हायोलिन पहिल्यांदाही कुणी ऐकलं नाही आणि आताही ऐकणार नाही, माझाच स्वभाव ऐकत बसतील. तुझी साथ मी आधी नाही म्हणून खोडली आणि आता जादुई म्हणून खोडायची, दोन्ही वेळा न ऐकता, हेच ना?

मला राग याचा येतो की तू मला हे मागितलंस. त्याहून जास्त राग याचा, की तुला मागावं लागलं.

आईने या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही. तुझ्याशी बोलणं झाल्यावर फोन माझ्याकडून घेतला, पदराने पुसला आणि जागेवर ठेवला.

मुलाखतीवर मी सही केलेली नाही. गुरुवारपर्यंत मुदत आहे.

ताई

९ मार्च

धाकट्या,

आजचा अंक तुझ्याकडे उद्या पोचेल. छापलंय काय ते तुला एव्हाना कळलंच असेल, पण ते कसं घडलं हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

आमच्या पेपरात चौथ्या पानावर वाचकांची पत्रं असतात. ते पान आमचे मुद्रितशोधक लावतात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात ते, मान खाली घालून काम करणारे. त्या पानाचा एक नियम आहे आणि तो संपादकांनीच घालून दिलेला आहे: आपल्या लेखकांविरुद्ध आलेलं पत्र अक्षरही न बदलता छापायचं, नाव-पत्ता खरा असला म्हणजे झालं. लोकांना वाचायला आवडतं म्हणून. बावीस वर्षांत मला तिथे काय काय म्हटलंय, तुला माहीत आहे. एकाने "सुरांची खाटीक" म्हटलं होतं.

तर मुलाखतीवर सही न करता मी माझ्याविरुद्ध पत्र लिहिलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. दोन दिवसांनी ते मुद्रितशोधकांच्या टेबलावर आलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पत्ता खरा आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी पानात लावलं. मजकूर असा:

"संपादकांस. आपल्या दैनिकात डिसेंबरमध्ये एका सीडीचं परीक्षण आलं होतं. त्यात व्हायोलिनची साथ जाणवत नाही असं म्हटलं होतं. साथ उजव्या बाजूला ध्वनिमुद्रित केलेली आहे. परीक्षण लिहिणाऱ्या बाईंना उजव्या कानाने ऐकू येत नाही. हे त्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. त्यांनी ते वाचकांना सांगितलं नाही, आपल्यालाही सांगितलं नाही. त्यांनी गायिकेला चार वेळा ऐकलं आणि साथीदाराला एकदाही ऐकलं नाही, तरी दोघांवर मत दिलं. ते मत रद्द समजावं. साथ कशी आहे हे प्रस्तुत पत्रलेखिका सांगणार नाही, कारण साथीदार तिचा भाऊ आहे, आणि एकदा चुकलेल्या माणसाने लगेच दुसरं मत बाजारात आणू नये. ज्यांना जाणून घ्यायचं आहे त्यांनी सीडी ऐकावी, दोन्ही कानांनी. गेल्या दोन वर्षांतल्या सीडीवरच्या बाकीच्या तीस परीक्षणांबद्दल ज्यांना विचारायचं असेल त्यांनी खालील पत्त्यावर लिहावं."

खाली माझं नाव आणि आपल्या घराचा पत्ता.

सकाळी साडेनऊला संपादकांनी बोलावलं. मुद्रितशोधक आधीच तिथे उभे होते, ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "नियम आपलाच आहे, साहेब," आणि कामाला गेले. माझं सदर बंद झालं. पुढच्या आठवड्यापासून त्या जागी "सूरसुगंध" नावाचं काहीतरी येणार आहे. कोण लिहिणार विचारलं, तर सांगितलं नाही, पण मजकूर टाइप होऊन बाहेरून येणार हे छपाईवाल्यांकडून कळलं. म्हणजे मधाळने अखेर पान मिळवलं. याचा मला जो संताप आहे तो कागदावर मावणारा नाही, त्याचं काय करायचं ते नंतर बघेन. आणखी कुठेतरी लिहीनच. कुठे लिहायचं आणि आधी काय सांगून लिहायचं, एवढं आता कळलंय.

दुपारी आईला तुझा फोन आला, आज रविवार नसतानाही. तिने गॅलरीचं दार ओढलं नाही. तू तिला सांगितलंस की गायिकेने तुला बारा तारखेला तालमीला बोलावलंय, सध्या पहिल्या तीन कार्यक्रमांपुरतं. पत्र वाचून बोलावलं, की कंपनीला निमित्त उरलं नाही म्हणून बोलावलं, हे तूही सांगू शकला नाहीस. तीनच का, अकरा का नाहीत, असं मला विचारावंसं वाटलं, पण फोन माझ्याकडे नव्हता. तू मला द्यायला सांगितलं नाहीस. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. म्हणजे घेतलंय, पण तक्रार नाही.

आता जे सांगते ते छापण्यासाठी नाही. परवा मुद्रितशोधकांनी आपला जुना टेपरेकॉर्डर दिला, सीडी लागणारा, स्पीकरवाला. शिवणकामवाल्या बाईंकडे जाऊन मी म्हटलं, आज एक तास कात्री आपटू नका, माझा भाऊ वाजवतोय. त्या म्हणाल्या, मग मीही येते. आई, त्या आणि मी, तिघी बसलो. तुम्हा दोघांना मी पहिल्यांदा एकत्र ऐकलं. तिसऱ्या गाण्यात, चौथ्या मिनिटाला, गायिका श्वास घ्यायला थांबते आणि तू एकच सूर बारीक धरून ठेवतोस, ती येईपर्यंत, आणि ती आली की गुपचूप खाली उतरतोस. ते मी पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. बाईंनी दोनदा विचारलं, बिघडलंय का? आईने त्यांना गप्प केलं.

मी पेन घेतलं नव्हतं. मग घेतलं, सवय जात नाही. तुमच्या पहिल्या कार्यक्रमाचं तिकीट मी काढलंय, रांगेत उभं राहून, उजव्या टोकाचं. तुझ्याकडून पास नको.

पहिल्या पाच गाण्यांबद्दल मी आईला सगळं सांगितलंय, ती तुला सांगेलच. सहाव्यात घाई कुणाची आहे तेही आता मला कळलंय. ते मी आपणहून सांगणार नाही. तुला ऐकायचं असेल तर मला फोन कर, आईला नाही.

आशीर्वाद,

ताई